मातीला एक तांब्या

"अर्थिंग न्हाई, तर लाइन न्हाई!" मी पक्कड पिशवीत टाकली.

लातुरातल्या त्या खाणावळीत भांडी धुण्याचं मोठं मशीन आलं होतं. पाण्याची जोडणी झाली होती, सांडपाण्याचा पाइप बसला होता. थ्री-फेजची लाइन द्यायला मुरुडहून मी आले होते. आयटीआयनंतरचं माझं पहिलं मोठं काम.

मालक व्यंकटराव हसले. "पोरी, जोड अन् जा. न्हाईतर दुसरे वायरमन लई हायेत."

"बोलवा. पण काका, या ओल्या फरशीवर तुमच्या भांडी घासणाऱ्या चांगुणामावशी अनवाणी उभ्या राहतात. गळती झाली तर वीज मातीत जाऊ द्या... माणसात न्हाई."

"अर्थिंगचा खड्डा कुठं खांदू?"

मी वळले. मालकांचा पुतण्या, आनंदराज. हाताला कणीक, त्याच हातात पहार.

"सहा फूट लागंल. जमंल?"

"म्याडम म्हणतील तितका!"

दुपारी अर्थिंगचा पाइप खड्ड्यात उतरवला. भोवती मीठ-कोळशाचे थर देताना आमचे हात सारखेच काळे झाले.

"मीठ जास्त पडलं का हो?"

"पडू द्या."

"माझ्या भाजीत बी पडतं. जेवायला येणारी पोरं गप खातात..." तो असा हसला, की मी मीठ विसरून नुसता कोळसाच ओतत राहिले.

"रोज एक तांब्या पाणी घालायचं इथं," मी म्हणाले. "माती वाळू द्यायची न्हाई."

"लातुरात पाणी मातीत ओतायचं?" व्यंकटराव कडाडले.

"माझ्या अंघोळीतलं घालतो, काका," आनंदराज शांतपणे म्हणाला.

मग मी लाइन जोडली. मशीन गुणगुणू लागलं.

महिन्यानं मी परत गेले, कुणी बोलावलं नसताना. सगळं अंगण तापून भेगाळलेलं... आणि तेवढी एक हातभर माती काळी, ओली. कडेला गवताची चार हिरवी पाती.

"खाडा?" मी आनंदराजला विचारलं.

"एकबी न्हाई. रोज वाटायचं, तपासायला याल..." त्यानं भरलेला तांब्या माझ्यापुढं धरला. बोटाला बोट लागलं. दोघांनीही काढून घेतलं नाही.

"मशीन तर चालू हाय," दारातून व्यंकटराव गरजले. "मग कशाला आलीस?"

"याला बघायला," मी सगळ्या खाणावळीला ऐकू जाईल असं म्हणाले. "अन् काका, उद्याचं पाणी बी मीच घालणार!"

आनंदराजचे कान लाल झाले. पण तो माझ्या शेजारून हलला नाही.

आत मशीनमधून वाफाळती ताटं काढता काढता चांगुणामावशीनं ओवी गायली—

मातीला पाजलं पाणी, बाई, विजेला दिली वाट
धुतल्या शंभर ताटांत, बाई, दोघांचं एक ताट...