गुडघ्याच्या उंचीवरचा रॉड

"काकू, आमच्या फ्लॅटमध्ये आधी कोणी मेलं होतं का हो?"

हा प्रश्न मी विचारला. तोंडावर. सकाळी अकरा वाजता, जिन्यात. समोरच्या गोपिकाकाकू कुरड्यांचं ताट घेऊन गच्चीवर चालल्या होत्या.

विचारायचा नव्हता. पण भैरवी आणि सोनिका माझ्या मागे उभ्या होत्या आणि सोनिका तीनदा म्हणाली होती, "सुरुची, तू फट्टू आहेस." मला कोणी फट्टू म्हटलेलं चालत नाही. सातवीपर्यंत चालायचं. आता मी दहावीत जाणार.

काकू थांबल्या. ताट या हातातून त्या हातात घेतलं.

"घरात नाही," म्हणाल्या.

आणि वर गेल्या.

आता नीट ऐका. ही गोष्ट खरी आहे. या पेजवरच्या भुताच्या गोष्टी मी रोज वाचते आणि रोज हसते. पांढरी साडी, उलटे पाय, अमावास्या, बारा वाजून एक मिनिट… भुतांना घड्याळ कोण घेऊन देतं? माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. नागपूर, प्रताप नगर, दुसरा मजला. याच वर्षीचा नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस. वेळ दुपारी अडीचची, पारा शेहेचाळीसवर. ज्यांना पटत नाही त्यांनी पुढच्या गोष्टीवर जावं, तिथे हडळ असेल.

तर, रॉड.

मार्चमध्ये आम्ही या फ्लॅटमध्ये भाड्याने आलो. बाथरूममध्ये टॉवेल अडकवायचा स्टीलचा रॉड होता. पण कुठे? नळाशेजारी, गुडघ्याच्या जरा वर! टॉवेल लावला की टोक फरशीवर. ज्याने तो लावला त्याच्या अकलेला आम्ही रोज सकाळी नमस्कार करायचो. शिवाय तो सैल. हात लावला की खुळखुळ.

"बाबा, रॉड."

"रविवारी करू."

मार्च गेला, एप्रिल गेला. बाबा ऑफिसात अख्ख्या विभागाच्या फायली हलवतात म्हणे. घरी त्यांच्याने स्क्रूड्रायव्हर हलत नाही.

मग मे महिन्यात कूलरचा जळालेला प्लग मी बदलला. एकटीने, व्हिडिओ बघून. तेव्हापासून घरातला मिस्त्री मीच.

रविवारी यमुआजी येणार होती. ती बाबांची आत्या, नरखेडकडे खेड्यात राहते. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं तिचं. मी सहा वर्षांची असताना विहिरीवरचा पंप कसा चालू करायचा हे तिनेच मला शिकवलं. आईला अजून माहीत नाही.

बाबा बाथरूममध्ये डोकावले आणि एकदम खूश झाले.

"अरे, हा तर बरोबर जागी आहे! आत्याले स्टुलावरून उठताना धरता येईल. सुरुची, घट्ट करून टाक वं."

सोमवारी मी स्क्रू कसले.

मंगळवारी सैल.

मग मी गिट्ट्याच बदलल्या. गिट्टी म्हणजे भिंतीच्या छिद्रात ठोकायची प्लॅस्टिकची नळी, स्क्रू तिच्यात बसतो. बाबांना माहीत नव्हतं म्हणून तुम्हालाही सांगून ठेवते. नव्या गिट्ट्या, दोन इंची स्क्रू, वरून पांढरं सिमेंट. दोन दिवस कोणाला हात लावू दिला नाही. गुरुवारी सकाळी भरलेली बादली रॉडला अर्धा तास टांगून ठेवली.

रॉड केसभर हलला नाही.

मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. स्वतःचं कौतुक स्वतःच केलं, कारण घरात दुसरं कोणी करणार नव्हतं.

गुरुवारी दुपारी जेवून सगळे झोपलो. आमचा कूलर लागला की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. ट्रॅक्टर परवडला. चार वाजता आई तोंड धुवायला गेली.

"मिस्त्रीबाई, या इकडे."

डाव्या बाजूचे दोन्ही स्क्रू अर्धा इंच बाहेर. फरशीवर सिमेंटचा चुरा. आणि रॉड झुकलेला… वरून कोणी भार दिल्यासारखा.

शुक्रवारी मैत्रिणी आल्या, त्यांनी तो रॉड पाहिला, आणि मग जिन्यातला तो प्रश्न झाला.

"'घरात नाही' म्हणजे? मग कुठे?" भैरवीचा आवाज चिरकला होता.

"चंद्रावर."

"अबे, हसू नको. भूतच आहे ते," सोनिका म्हणाली.

"भूत आहे तर उडत जाईन ना! उठायला दांडी काहून लागते त्याले?"

आणि मी हसले. तिघींत सगळ्यात मोठ्याने.

हे वाक्य माझं आहे. विसरता येत नाही.

शनिवारी सकाळी शेजाऱ्यांची ड्रिल मशीन आणली. खोल छिद्रं, तीन इंची स्क्रू. रॉड भिंतीतून उगवल्यासारखा बसला. आजीसाठी आणलेलं प्लॅस्टिकचं स्टूल उचलून बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवलं, दाराला बाहेरून कडी लावली आणि ठरवलं, आज झोपायचं नाही. आईच माझं काम पाहायला रॉडला लोंबकळत असणार, अशी माझी खात्री होती.

अडीच वाजले. आई-बाबा हॉलमध्ये घोरत होते. कूलर गर्जत होता. मी मोबाईल घेऊन बाथरूमसमोर बसले.

आणि लाईट गेली.

कूलरचं पातं हळू झालं… आणखी हळू… थांबलं.

नवतप्यातली दुपार तुम्हाला माहीत आहे. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. इतकं शांत झालं की नळाचा थेंब ऐकू आला.

टप…

टप…

मग खर्र… फरशीवर प्लॅस्टिकचं स्टूल सरकलं.

कडी माझ्या डोळ्यांसमोर लागलेली होती.

मग श्वास. दमलेला. आणि रॉडची कुरकुर…

आणि मग आवाज. या पेजवर लिहितात तशी किंकाळी नाही. साधा, म्हातारा, संकोचलेला आवाज. झोपलेल्यांची झोप मोडू नये म्हणून दबकत बोलावं तसा.

"झोपला का गा, दुर्गेश…?"

माझ्या घरात दुर्गेश नावाचं कोणी नाही.

मी कडी काढली. का, ते विचारू नका.

आत कोणी नव्हतं. स्टूल कोपऱ्यात नव्हतं, नळासमोर होतं. आणि रॉड थरथरत होता. माझ्या देखत डावीकडचा स्क्रू भिंतीतून बाहेर येत होता. सावकाश. चुरा फरशीवर पडत होता.

भीती वाटली का? आधी राग आला. तीनदा केलेलं माझं काम! मी पुढे झाले आणि दोन्ही हातांनी रॉड धरला.

वजन होतं.

बादलीचं वजन मुकं असतं, सरळ खाली ओढतं. हे वजन कापत होतं. थोडं कमी व्हायचं… पुन्हा यायचं. गुडघे धरून उठणारा माणूस मध्ये दम घेतो ना, तसं.

मी पाय रोवले.

"उठा," मी म्हटलं. का म्हटलं ते मला अजून माहीत नाही.

एकदा जोरात ओढ बसली…

आणि माझ्या हातात नुसता रॉड उरला. हलका.

त्याच क्षणी लाईट आली. कूलर सुरू झाला. मी दारातूनच हाक मारली, "आई!" मग आणखी जोरात. मग जिवाच्या आकांताने.

आई दहा फुटांवर होती. तिने कूस बदलली आणि झोपली.

तीन हाका. एकही पोचली नाही.

मी तशीच समोरच्या दारी गेले. एकटी. या वेळी मागे कोणी फट्टू म्हणायला नव्हतं.

"काकू, घरात नाही, मग कुठे?"

काकूंनी मला आत घेतलं, पाणी दिलं.

"दवाखान्यात वं पोरी. तिसऱ्या दिवशी. वच्छलाबाई म्हणून होत्या, तुमच्या आधीचे भाडेकरू. गुडघे गेले होते. आम्ही पोराले म्हणून राहिलो होतो, धरायले मजबूत दांडा लाव. त्यानं घरात पडलेला टॉवेलचा रॉड ठोकला. म्हणे, भागते."

"मग?"

"सैल झाला. बाई रोज सांगे. तो म्हणे, रविवारी करतो."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मागच्या उन्हाळ्यात दुपारी दुसऱ्या आंघोळीले गेल्या. उठताना रॉड हातात आला. तिघं जण घरात होते, पण कूलर चालू होता ना. चार वाजता उठले, तेव्हा पाहिलं." काकूंनी पदराने कपाळ पुसलं. "दीड तास हाका मारल्या असतील बाईनं. मलेही ऐकू आलं नाही. माझाही कूलर चालू होता."

"पोराचं नाव?"

"दुर्गेश. घर सोडताना रॉड परत भिंतीले लावून गेला. घरमालकानं बोलू नये म्हणून."

त्या दिवशी बरा वेळ मिळाला त्याला. रविवारची वाट पाहावी लागली नाही.

भूत आहे म्हणून तुम्ही घाबराल. मला त्या तिघांची किळस आली. मग घरी येऊन सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेल्या बाबांकडे पाहिलं, आणि मग स्वतःची थोडी आली, कारण "दांडी काहून लागते" म्हणून मी हसले होते.

एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. त्या बाईला अजून उठायचंच आहे… की पुढच्या कोणी त्या रॉडवर भरवसा ठेवू नये म्हणून ती तो काढते? मी "उठा" म्हटलं तेव्हा ती उठली, की नुसती दमली?

काल पहाटे मी पाहिलं. स्टूल पुन्हा नळासमोर होतं. आईने ठेवलं असेल. मी तिला विचारलेलं नाही.

शनिवारचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी आई-बाबा चहा घेत होते. मी रॉड आणून चहाच्या कपांशेजारी ठेवला. वाकडा, चार स्क्रूंसकट.

"काहून काढला वं?" बाबा म्हणाले. "उद्या आत्या येते!"

"म्हणूनच. हा परत लागणार नाही. उद्या रविवार आहे बाबा, तुमचा लाडका. सकाळी तुम्ही आणि मी जाऊन धरायचा खरा दांडा आणू, आणि तो तुम्ही लावाल, मी बघेन."

"बरं, बरं. आधी कूलर लाव, जीव चालला उकाड्याने," आई म्हणाली.

"लागणार नाही. त्याचा प्लग मी काढलाय. माझ्या दप्तरात आहे."

"शेहेचाळीस आहे बाहेर! वेडी झाली काय?"

"यमुआजी या घरात असेल तोवर दुपारी कूलर बंद. घामाने भिजू आपण तिघं. पण यमुआजीने हाक मारली तर ऐकू येईल… आणि दुसऱ्या कोणी मारली, तरी."