‘टोचणी’तली रिकामी खुर्ची

“काका, तुमच्या प्रत्येक चित्रात एक खुर्ची रिकामी का असते?”

विचारलं एकदाचं! पेपरच्या ऑफिसखाली, सात रस्त्याच्या चौकात माझ्या मैत्रिणी, रेश्मा आणि संस्कृती, माना वर करून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. “लई शहाणी समजतीस की स्वतःला, जा, विचारून दाखव.” मी काय मागं हटणार? शाळेच्या स्पर्धेत माझ्या व्यंगचित्राला पहिला नंबर मिळाल्यापासून मी कुणालाच घाबरत नव्हते. हेडसरांनासुद्धा.

गुरप्पाकाका आमच्या सोलापूरच्या संध्याकाळच्या पेपरात ‘टोचणी’ नावाचं व्यंगचित्र काढतात. आमच्या जन्माच्या आधीपासून, रोज. विषय टँकरचा असो, खड्ड्यांचा असो नाहीतर निवडणुकीचा. चित्रात कुठंतरी एक रिकामी लोखंडी खुर्ची असतेच. रेश्माच्या मते ती सत्तेची. संस्कृतीच्या मते काकांच्या वारलेल्या बायकोची. माझ्या मते ती त्यांची सही होती.

काकांनी वर बघितलं नाही. नाक कागदाला टेकेल इतकं वाकून ते टाक चालवत होते.

“बसायला,” ते म्हणाले.

“कुणाला?”

“तुला शाळा न्हाय व्हय?”

असं उत्तर मिळाल्यावर कोण गप्प बसेल? दुसऱ्या दिवशी मी माझी चित्रं घेऊन पुन्हा हजर. काकांनी एकेक कागद डोळ्याला चिकटवून पाहिला. “नाव काय?”

“सिद्धेश्वरी.”

“रेघ बरी हाय, सिद्धे. ह्या पुढाऱ्याचं जाकीट काळं कर. शाई रेघेभाईर जाऊ देऊ नगंस. ते बेणं तसंबी लई भाईर जातंय.”

तेव्हापासून शाळा सुटली की मी तिथंच. वरच्या मजल्यावरची अरुंद खोली. खालून एसटी गेली की खिडकीची काच थरथरायची. शाईचा वास, गार झालेला चहा, आणि सगळ्यावर धूळ. फायलींवर, पंख्यावर, काकांच्या टोपीवरसुद्धा. खिडकीशी एक लोखंडी खुर्ची होती. तिची बैठक मात्र लखलखीत. कुणी बातमीदार आत येऊन तिच्याकडं वळला की काका न बघताच म्हणायचे, “तितं नगं,” आणि स्टूल पुढं सारायचे.

कागदावर ते आधी खुर्ची काढायचे. मग दिवसाची बातमी तिच्याभोवती बसवायचे. “हे तुमचं रचनेचं तंत्र आहे ना?” मी ऐटीत विचारलं. काका हसत सुटले ते खोकला लागेपर्यंत.

जुन्या फायली चाळताना मला एक चित्र असं सापडलं, ज्यात खुर्ची नव्हती. बाजूला भलीमोठी जाहिरात होती.

“जाहिरात मोठी आली, मग चित्राची कड खुर्चीसकट कापली,” काका म्हणाले. “बापूसाहेबांनी. उपसंपादक हुते आमचे. मी न्हाय न्हाय म्हणालो, त्यांनी ऐकलं न्हाय.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी हापिसात आले, बसाय गेले, आन् ताडकन उठले. आता होटगीला लेकीकडं असत्यात. जाऊन बघ की.”

मी गेले. रविवारी, रेश्माला घेऊन.

बापूसाहेब ओट्यावर उभे होते. पांढरं धोतर, पाय सुजून खांबासारखे झालेले. मागं बाज होती, बाक होता. त्यांच्या लेकीनं आम्हाला चहा दिला. त्यांनी तो उभ्यानंच घेतला. खिडकीच्या गजाला एक रुंद पट्टा बांधलेला होता. “झोपताना ह्यात अडकवून घेत्यात,” ती म्हणाली. “डॉक्टर झाले, मांत्रिक झाले. कायबी केलं तरी टेकत न्हाईत.”

“बसा ना आजोबा,” रेश्मा बोलून गेली.

“बसलो असतो बाळ,” ते अगदी सभ्यपणे म्हणाले. “पण टेकाय गेलं की मांडी लागती कुणाचीतरी. कुटंबी टेका. गार असती.”

परतीच्या बसमध्ये जागा होती. रेश्मा होटगीपासून दांडीला धरून उभी राहिली. मी मुद्दाम बसले. पण आधी हात फिरवून बघितला.

त्या आठवड्यात काकांच्या डोळ्यांचं कळलं. मोतीबिंदू पार पिकलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता ऑपरेशन नाही केलं तर दोन्ही डोळे जातील. ऑपरेशननंतर कित्येक दिवस वाकायचं नाही, काम करायचं नाही.

“मग करून घ्या की!”

“तवर कोण काढंल?”

“आधीच काढून ठेवा.”

“शिळं चालत न्हाय. त्या दिवसाचं त्याच दिवशी लागतं.”

“आणि डोळे गेल्यावर?”

काका टाक पुसत राहिले.

शुक्रवारी मी पोचले तेव्हा ते चित्रावर वाकलेले होते. खुर्चीचे दोन पाय कागदावर होते. उरलेले दोन टेबलाच्या लाकडावर. टाक चालतच होता.

“काका, कागद संपला.”

त्यांचा हात थांबला. बोटांनी त्यांनी कागदाची कड चाचपली. खालून संपादकांचा फोन वाजत होता. पान छपाईला सोडायची वेळ झाली होती.

खिडकीशी काहीतरी घासलं. लोखंड फरशीवर घासतं तसं.

“सिद्धे,” काका हळूच म्हणाले, “काढ.”

मी कोरा कागद घेतला. आधी खुर्ची. पाठ. बैठक. पाय.

चौथा पाय जमिनीला टेकला.

आणि मागं खुर्ची करकरली. जड माणूस बसल्यावर करकरते तशी, सावकाश.

मी वळले नाही.

काकांनी श्वास सोडला. मग खिडकीकडं हात जोडून त्यांच्या कानडीत म्हणाले, “कुंड्री.” बसा.

“पटली त्याला तुझी रेघ,” ते मला म्हणाले. त्यांच्या दुधाळ डोळ्यांतून पाणी येत होतं.

पान वेळेवर गेलं.

घरी पोचले तेव्हा आईनं ताटं मांडली होती. पप्पा अकरावीसाठी लातूरच्या क्लासचा फॉर्म मोबाइलवर भरत होते. जेवणाच्या टेबलाला खुर्च्या चार, आम्ही माणसं तीन. चौथी नेहमी आत सारलेली असते. आज ती बाहेर होती.

“ही कुणी ओढली?” म्हणत आई तिला आत सारायला गेली.

खुर्ची हलली नाही. आईनं दोन्ही हात लावले. तरी नाही.

“आई, राहू दे तिला,” मी म्हणाले. “पप्पा, तो फॉर्म भरू नका. मी सोलापूर सोडणार नाही. काकांचं ऑपरेशन होऊ दे. उद्यापासून ‘टोचणी’ मी काढणार. रोज.”