चार मिनिटं वीस सेकंद

त्याच्या दुकानात मी गेले ती चुकून. जायचं होतं शेजारच्या टीव्हीवाल्याकडे, पण त्याच्या शटरवर ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लटकत होती. सकाळपासून पावसाची नुसती पिरपिर, काखेत छत्री, दोन्ही हातांत चादरीत गुंडाळलेला खोका. पलीकडचं एक दार अर्धवट उघडं दिसलं म्हणून विचारायला शिरले, उंबऱ्याला अडखळले आणि खोक्यासकट थेट त्याच्या टेबलावर गेले.

“सावकाश,” तो म्हणाला आणि त्यानं खोका धरला. मला नाही, खोक्याला.

“माणसं पडली तरी चालतात वाटतं तुमच्याकडे?”

“माणसं दुरुस्त करणारे वेगळे असतात. मी फक्त यंत्रं करतो.”

असा राग आला ना मला... पण तोवर त्यानं चादर सोडली होती आणि तो आत वाकून बघत होता. आत बाबांचा जुना घरगुती कॉम्प्युटर होता. नुसता कीबोर्डच म्हणा ना! त्याच्याच पोटात सगळं यंत्र, पडदा म्हणून टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचा. त्यानं एक कळ हलक्या हातानं दाबली. कळ खाली गेली ती वर आलीच नाही.

“कुणाचा हा?”

“बाबांचा. आणि तो चालायलाच हवा.”

का ते मी त्याला सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. घरात कुणाशी धड बोलले नव्हते, आणि याच्याशी तासभर बोलत बसले.

बाबा टायपिंगच्या क्लासचे मास्तर. टाइपरायटरचे दिवस संपणार असं लोक म्हणायला लागले तेव्हा मोठ्या हौसेनं त्यांनी हा कॉम्प्युटर घेतला होता. या वर्षी त्यांना झटका आला. डावं अंग गेलं, जीभही गेली. उजवा हात तेवढा राहिला, तोही थरथरणारा. सगळं कळायचं, पण बोलता यायचं नाही. फोनवर लिहायला दिलं तर थरथरत्या बोटानं काचेवर एकाची चार अक्षरं उमटायची. चौथ्या दिवशी त्यांनी फोन भिंतीवर भिरकावला. मी नवाकोरा कीबोर्ड आणला, तो त्यांनी ढकलून दिला आणि माळ्याकडे बोट दाखवलं. हट्टीपणा आमच्या घराण्यातच आहे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, दुसरा झटका येऊ शकतो, मग हाही हात जाईल. त्यांना जे बोलायचंय ते लवकर बोलून घेऊ द्या.

“म्हणजे कळ दाबली की टीव्हीवर मोठं मराठी अक्षर यायला हवं,” तो म्हणाला.

“हो. प्रोग्रॅम मी लिहीन. मी लिफ्टच्या कंपनीत ‘सी’ भाषेत प्रोग्रॅमच लिहिते.”

“लिफ्टला कळतं सी?”

“लिफ्टला कशाला कळायला हवं? लिहायचं लॅपटॉपवर. मग क्रॉस कंपायलर त्याचं त्या यंत्राच्या भाषेत रूपांतर करून देतो. लिफ्टचं करतो तसं याचंही करेल.”

“बरं... कंपायलरबाई,” तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. दात काही फार सुंदर नव्हते. उगाच खोटं कशाला सांगू.

त्यानं कळा नीट केल्या आणि मी आठवड्यातून तीन संध्याकाळी ऑफिसातून सुटून तिथे जायला लागले. तो एका खुर्चीवर, मी स्टुलावर, समोर त्याचा जुना डबडा टीव्ही. चौकटीच्या कागदावर तो एकेक अक्षर काढायचा, सोळा चौकोन आडवे, सोळा उभे. मी ते आकड्यांत बसवायचे. मशीनची स्मरणशक्ती सगळी मिळून अठ्ठेचाळीस के, म्हणजे आजच्या एका फोटोलाही पुरणार नाही एवढी. एक जोडाक्षर घातलं की दुसरीकडून काहीतरी काढावं लागायचं.

“तुमचा ळ आजारी दिसतोय, मिस्त्री.”

“त्याला चौकोन कमी पडतात. तुमच्या सीला सांगा जरा जागा द्यायला.”

“सीकडे जागा नाही. तुम्ही ळ बारीक करा.”

प्रत्येक दुरुस्तीनंतर प्रोग्रॅम मशीनमध्ये भरायचा. लॅपटॉपच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून मशीनच्या कॅसेटच्या भोकात घालायची आणि आवाज सोडायचा. चिरका, कर्कश, दातांवर काटा आणणारा आवाज. चार मिनिटं वीस सेकंद. तेवढ्या वेळात वायरला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हात मांडीवर घेऊन बसायचं. दुसरं काही करताच यायचं नाही... बोलण्याशिवाय.

त्या चार मिनिटांत काय काय कळलं मला. त्याची आई वारली होती. ताई सासरी होती आणि फोनवर आधी त्याच्या लग्नाचं विचारायची, मग तब्येतीचं. गिऱ्हाइकं महिन्यागणिक कमी होत होती. त्याला गाता येत नव्हतं तरी तो गायचा. एकदा आम्ही दोघं एकदमच वायर सावरायला वाकलो, तर त्याचा हात माझ्या हातावर... आणि दोघांनीही काढला नाही. वायर हलली. प्रोग्रॅम फुकट गेला.

“परत?” तो म्हणाला.

“परत,” मी म्हटलं. त्या दिवशीच कधीतरी आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो.

मधे एकदा तो घरी आला, बाबांच्या पलंगाला कुठे टेबल बसेल ते मोजायला. बाबा त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. तो जाताना त्यांनी उजवा हात वर केला. गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी कुणाला असा निरोप दिला नव्हता. आई पदरानं डोळे पुसत आत गेली.

असे दोन महिने गेले. घरी पोचले की बाबा हातानं विचारायचे, झालं का? मी म्हणायचे, होतंय बाबा, थोडं राहिलंय. ते मान हलवायचे. रोज तेच.

मग एक दिवस फ्यूज शोधायला मी त्याचा खालचा ड्रॉवर उघडला. आत हिरव्या पट्टीचा एक तुकडा होता, मेमरी कार्डाची खाच असलेला, आमच्या मशीनच्या पाठीत बरोब्बर बसेल असा. मला बघताक्षणी कळलं. हा लावला की प्रोग्रॅम डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तोच भरतो. कर्कश आवाज नाही, वायर नाही, वाट बघणं नाही.

“हे कधीपासून आहे तुझ्याकडे?”

त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. “दुसऱ्या आठवड्यापासून.”

“आणि तू बोलला नाहीस?”

“बोलणार होतो. रोज ठरवायचो. पण ते लावलं असतं तर... आपण कधी बसलो असतो?”

“माझे बाबा तिकडे मुके पडलेत,” मी म्हटलं.  “पंधरा दिवसांत झालं असतं हे. पंधरा दिवसांत. आणि तू इथे बसून गाणी म्हणत होतास.”

  मशीन, टीव्हीची जोडणी, ती हिरवी पट्टी, सगळं चादरीत बांधून मी निघाले. छत्री तिथेच राहिली. परत आणायला गेले नाही.

चार दिवसांत काम संपलं. पाचव्या दिवशी बाबांच्या हाताखाली मशीन ठेवलं. त्यांनी कळांवरून बोटं फिरवली, डोळे मिटले, उघडले आणि मग टक टक करत एकेक अक्षर यायला लागलं. आई आणि मी पलंगाशी उभ्या. टीव्हीवर आलं: खिडकी लावत जा. पाठीला वारा लागतो. दोन महिने सांगतोय.

आई हसायला लागली आणि हसता हसता तिथेच खाली बसून रडली. मी खिडकी लावली. दोन महिने. 

पुढचे अकरा दिवस बाबा बोलले. आईशी भांडले, डॉक्टरांची चूक काढली, काकाला फोन लावून घेतला आणि काय सांगायचं ते मला लिहून दिलं. दोनदा त्यांनी विचारलं: तो मुलगा कुठे? मी म्हटलं, कामात आहे. तिसऱ्यांदा लिहिलं: बोलव. मी हो म्हटलं आणि बोलावलं नाही. बाराव्या दिवशी सकाळी दुसरा झटका आला आणि उजवा हात गेला.

हॉस्पिटलातून त्यांना घरी आणलं तेव्हा मान वळत होती आणि उजव्या पायाचा अंगठा हलत होता. बाकी काही नाही. ते माझ्याकडे बघायचे आणि मला ते बघणं सोसायचं नाही. तिसऱ्या दिवशी मी उठले आणि तडक त्याच्या दुकानात गेले.

मला बघून तो उभा राहिला. दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते. मी बाबांचं सांगितलं.

“माझ्यामुळे...”

“थांब. आधी माझं ऐक.” आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. “माझ्या लॅपटॉपवर त्या मशीनची हुबेहूब नक्कल चालते. पडद्यावरच मशीन, पडद्यावरच कळा. क्रॉस कंपायलरवर काम करणारा कुणीही आधी त्याच्यावरच तपासतो. पहिल्या दिवसापासून होती ती माझ्याकडे. मला तुझ्या दुकानात यायची गरजच नव्हती. सगळं घरी बसून करता आलं असतं, बाबांच्या शेजारी बसून. मग शेवटी एकदा यायचं.”

त्यानं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

“मग का येत होतीस?”

“तुला माहितीये का येत होते.”

 लाज वाटत होती आणि तो समोर आहे याचं बरंही वाटत होतं. आणि बरं वाटतंय याची आणखी लाज. मग त्यानं शटर खाली ओढलं, हत्यारांची पेटी उचलली आणि म्हणाला, “चल.”

घरी येऊन तो बाबांच्या पलंगाशी उभा राहिला. “काका, तुम्ही दीड महिना आधीच बोलू शकला असतात. झटपट भरायची सोय माझ्याकडे होती, मी लपवून ठेवली.” मी म्हटलं, “बाबा, माझ्याकडेही होती.” बाबांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे... आणि मान भिंतीकडे वळवली.

आई दारातून ऐकत होती. “आता रडत उभे राहू नका,” ती म्हणाली. “काहीतरी करा.”

एकच अंगठा, म्हणजे एकच बटण. टीव्हीवर सगळी अक्षरं मांडायची, त्यांच्यावरून एक चौकट आपोआप फिरत राहील, हवं त्या अक्षरावर आली की दाबायचं. त्यानं दाराच्या घंटीचं बटण काढून लाकडी पट्टीवर बसवलं. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. लिहायचं, नकलेवर तपासायचं, कार्डावर घ्यायचं, मशीनला लावायचं. एकाला एक लागून, मधे एक मिनिट रिकामं नाही. दोन दिवसांत आम्ही दहा वाक्यं बोललो नसू.

“हे झालं की मला तुला काहीतरी सांगायचंय,” दुसऱ्या दिवशी तो वायर सोलता सोलता म्हणाला.

“आत्ता सांग. कंपाइल होतंय.”

“तू मला... आवडतेस. फार.”

“मलाही तू. ती लांब वायर दे.”

त्यानं दिली. बोटं बोटांना लागली आणि लगेच सुटली, कारण कंपाइल झालं होतं.

संध्याकाळी बटण बाबांच्या अंगठ्याखाली बांधलं. चौकट फिरायला लागली. बाबा बघतच नव्हते, मान भिंतीकडेच. ती फिरत राहिली, एक फेरी, दोन, दहा. आई म्हणाली, “अहो, पोरं दोन दिवस जेवली नाहीत.” तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली. अंगठा हलला. चुकला. अक्षर पुढे निघून गेलं. पुन्हा पूर्ण फेरी. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा, मी उशाशी. आता काय येणार? चालते व्हा, असंही आलं असतं आणि ते बरोबरच ठरलं असतं.

ब आला. बऱ्याच वेळानं स. मग काना. बाबांच्या कपाळावर घाम आला होता, आई तो टिपत होती. मी म्हटलं, बाबा, पुरे आता, उद्या. त्यांनी डोळे वटारले. क्लासात वटारायचे तसेच. चाळीस मिनिटांनी टीव्हीवर दोन शब्द होते.

बसा दोघं.

आई स्वयंपाकघरातून दुसरी खुर्ची घेऊन आली. तो बसला, मी बसले. बाबांचा अंगठा पुन्हा बटणावर गेला आणि चौकट पहिल्या अक्षरापासून फिरायला लागली.