कोलोनिस्ट, घरात किती माणसं?

पंखा बंद करा रे, मला माझंच बोलणं ऐकू येईना. आणि हसायचं नाही. हे आपल्या लेन्देर्तच्या बाबतीत घडलंय. सारामाका नदीकाठच्या रस्त्यावर, चौदा ऑगस्ट दोन हजार एकोणीस, बुधवारची रात्र.

लेन्देर्तच्या घरात चौघं. तो, बायको, म्हातारी आई आणि सहा वर्षांची मिन्के. पोर तीन दिवस तापानं फणफणत होती. रात्री ताप आणखी चढला, तसा हा मोटारसायकल काढून औषध आणायला गेला. दवाखान्यातली नर्स ओळखीची. "काय रे बुरू, गाईला हवंय की पोरीला?" म्हणाली, पण त्याचं तोंड बघून तिनं लगेच औषध हातात ठेवलं. "पळ. पहाटेपर्यंत उतरला नाही तर शहरात ने."

बुरू, म्हणजे डच शेतकरी, म्हटल्याचं आपल्याला काय! अख्खा गाव आपल्याला बुरूच म्हणतो, आणि आपण ओ देतो.

साडेअकराला, चिंचेपाशी, गाडी बंद पडली. समोर एक माणूस उभा. एका हातात कंदील, दुसऱ्यात चुन्याचं मडकं.

"कोलोनिस्ट," त्यानं हाक मारली.

 हे नाव आता कुणाच्याच तोंडी नाही. हॉलंडहून पहिल्या जहाजांतून आलेल्या आपल्या लोकांना तसं म्हणायचे. त्यातले निम्मे इथं उतरल्यावर तापानंच गेले.

"घरात किती माणसं?"

आई लहानपणापासून बजावत आलेली... रात्री कुणी माणसं मोजायला आलं, तर आजारी माणूस सांगायचं नाही. लपवायचं.

"तीन," लेन्देर्त म्हणाला.

"नक्की?"

"तीनच... आणखी कुणी नाही."

"बरं. तीन."

कंदील विझला. रस्ता रिकामा. गाडी एका किकला चालू झाली.

अंगणात आई उभी होती. "आई, औषध..." तिनं नुसतं आत बोट दाखवलं. आत बायको मिन्केला मांडीवर घेऊन बसलेली. त्यानं पोरीच्या कपाळाला हात लावला. गार...

"कधी?"

"साडेअकराला."

बाप होता रे तो. पोरीला वाचवायला खोटं बोलला. अजून मला विचारतो, "खरं सांगितलं असतं तर, काका?"  मी नुसता त्याचा हात धरून बसतो.

सकाळी दारावर चुन्याच्या तीन रेघा होत्या. त्यानं दार दोनदा रंगवलं. मग उखडून नवं बसवलं. परवा रविवारी मी गेलो होतो. नव्या दारावरही तीनच... मी बोट लावून बघितलं.

चुना ओला होता.