सिद्धू म्हणाला, अपग्रेड कर

काम तसं साधंच होतं. माझा गेमिंगचा कंप्युटर विंडोज दहावरून अकरावर न्यायचा होता, आणि न्यावा की नाही हे मला ठरवता येत नव्हतं.

मी वालचंदनगरला कारखान्यात नोकरीला आहे, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. त्या दिवशी सुट्टी होती आणि बायको, सोनम, इंदापूरला माहेरी गेली होती. जेवण उरकून मी कंप्युटरपुढे बसलो, तर दहाचे अपडेट बंद झाल्याची सूचना पुन्हा आलेली. पण आम्ही खेळायचो तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम जुना. अकरावर तो चालेल याची खात्री नव्हती.

आम्ही म्हणजे मी आणि सिद्धू. माझा कॉलेजचा मित्र, कन्हेरीचा. घरची भाजीपाल्याची शेती बघतो आणि ऊन चढलं की घरी येऊन कंप्युटर लावतो. हेडफोनवर गप्पा मारत आम्ही खेळायचो. त्या दुपारीही तो बोलत होता.

"नको करू दिग्या. चाललंय ते चालू दे की."

"अरे, अपडेट बंद झालेत. उद्या कुणी आत घुसलं म्हणजे?"

"तुझ्याकडं हाय काय घुसायला?" तो हसला.

मलाही हसू आलं. खिडकीतून उसाच्या मळीचा आंबूस वास येत होता, पंखा कुरकुरत होता. तेवढ्यात दाराची कडी वाजली. "आलोच," म्हणून मी हेडफोन टेबलावर ठेवला आणि दार उघडलं.

दारात सिद्धू उभा होता.

"असा काय बघतोय? पेनड्राइव्ह आणलाय. अकरा टाकून देतो."

"तू... तू आत्ता माझ्याशी बोलत होतास."

"मी? मी तर गाडीवर हुतो."

तो आत आला. का कुणास ठाऊक, मळीचा वास एकदम थांबला. घराला कसलाच वास राहिला नाही. आणि टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक आवाज आला, "दिग्या... कोण आलंय रे?"

मी हेडफोनची पिन उपसली. आवाज स्पीकरमधून खोलीभर झाला; आमचं बोलणं आता कॅमेऱ्याचा माइक घेत होता.

"बोल की... कोण हाय तितं?"

समोरच्या सिद्धूचा चेहरा उतरला. तो माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "बघितलंस? जुन्या सिस्टीममधी कुणीतरी घुसलंय. हल्ली आवाज चोरता येतो. अपग्रेड कर, समदं पुसून टाक."

"नको दिग्या," स्पीकर म्हणाला. "मी हितं कन्हेरीत बसलोय... त्याला हात लावू देऊ नको."

माझं डोकं चालेना. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "कॉलेजला असताना आपली गाडी कुठं घसरली होती?"

"भिगवण रस्त्याला," दोघं एकदम म्हणाले. सूरसुद्धा तोच.

मी मोबाइल काढला आणि सिद्धूचा नंबर लावला. रिंग समोरच्याच्या खिशात वाजली.

"माझा फोन सकाळपासनं घावंना," स्पीकरमधला म्हणाला.

तुम्हीच सांगा, कुणाचं खरं मानायचं? एक डोळ्यांसमोर उभा, फोन खिशात, अंगात नेहमीचा निळा शर्ट. दुसरा नुसता आवाज. मी खुर्ची सोडली. सिद्धू बसला, त्यानं पेनड्राइव्ह लावला आणि अपग्रेड सुरू केलं.

"दिग्या..." स्पीकर म्हणाला. "तो माझ्यागत दिसतो का?"

मी उत्तर देणार, तोच स्क्रीन काळी झाली.

मी चहा टाकायला गेलो. चहा घेऊन आलो तेव्हा, एवढ्यातच, नवी सिस्टीम चालू होती आणि सिद्धू चपला घालत होता. "झालं," एवढंच म्हणाला. चहा न घेताच गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज मला काही आठवत नाही.

संध्याकाळी धोंडाबाईंचा, सिद्धूच्या आईचा, फोन आला.

"दिग्विजय, बाबा, तुझ्याकडं कोण आलंय? सिद्धू कवाधरनं तेच इचारतोय."

"काकू... सिद्धू कुठं आहे?"

"हितंच की. जेवल्यापासनं खुर्चीवरनं उठला न्हाय."

मग फोन सिद्धूनं घेतला. "गेला का रं तो?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सिद्धू गाडीवरून आला. मी दारातच त्याच्या हाताला हात लावून बघितला, आणि त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. फोन त्याला वांग्याच्या सरीत सापडला होता, रात्रीच्या दवानं ओला. आम्ही नवी सिस्टीम उघडून सगळं तपासलं. गेम उत्तम चालत होता. फक्त एक गोष्ट होती: कंप्युटर उघडण्यासाठी कॅमेऱ्यात एक चेहरा नोंदवलेला होता. मी तो नोंदवला नव्हता. मी कॅमेऱ्यापुढे बसलो, मला ओळखलं नाही. सिद्धूला बसवलं, त्यालाही ओळखलं नाही. शेवटी पुन्हा माझा पासवर्ड टाकून उघडलं आणि ती नोंद काढून टाकली. निदान आम्हाला तरी निघाल्यासारखी दिसली.

पुन्हा दहावर जावं, असं सोनमचं म्हणणं. माझं अजून ठरत नाही. जुन्यावर गेलो तर काय होईल, हे तरी कुणाला माहीत आहे?

परवा दुपारी मी कपडे वाळत घालून आत आलो. खोलीत कुणी नव्हतं, खुर्ची टेबलाच्या आत ढकललेली. कॅमेऱ्याचा बारीक दिवा लागला. स्क्रीन उजळली आणि कुणीही काही न टाकता कुलूप उघडलं. खाली ओळ आली: चेहरा ओळखला.