चुन्यातला अंगठा

सकाळी घाईत चहाचं पातेलं उचलताना तिचा अंगठा भाजला आणि टपोरा फोड आला. त्याचं कौतुक करायला तिला वेळ नव्हता. नवरा हरवून अकरा दिवस झाले होते आणि शोधणाऱ्यांनी काल हात टेकले होते. "गेला असेल कुठेतरी निघून," मुकादम म्हणाला. असा निघून जाणारा माणूस होता का तो? डबा विसरला तरी अर्ध्या वाटेवरून परत यायचा!

नवरा गवंडी. टेकडीवरच्या पडक्या किल्ल्यात बाहेरच्या बुरुजाची डागडुजी करायला रोज जायचा. दिवसाचं काम संपलं की शेवटच्या सांध्यातल्या ओल्या चुन्यावर तो अंगठा दाबायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "उद्या इथून पुढे." छिन्नीने तिरका कापलेला तो अंगठा तिने हजारांत ओळखला असता.

भर दुपारी ती धापा टाकत वर पोचली. किल्ल्याचा म्हातारा पहारेकरी तिला बुरुजामागच्या जुन्या कोठारापर्यंत घेऊन आला आणि दाराशीच थांबला.

"ताई, आत काही नाही हो. चारदा पाहून झालं. आतल्या भिंतींना तर तुमच्या मालकांनी हातही लावला नव्हता. सगळा जुना चुना आहे, तीन-चारशे वर्षांचा."

"एकदाच बघते, काका. मग नाही त्रास देणार."

आत गारवा होता, वटवाघळांचा उग्र वास होता. टॉर्चच्या उजेडात दाराजवळच्या सांध्यात तिला ठसा दिसला. तिरका कापलेला. नखाने खरवडून पाहिलं, तर चुना दगडासारखा घट्ट.

चार हातांवर दुसरा. मग तिसरा. ती मोजत मोजत आत गेली. दिवसाला एक.

अकरावा अगदी मागच्या भिंतीत होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

चुना ओला होता.

"अहो!" भिंतीला तोंड लावून तिने हाक मारली. "अहो, मी आलेय!" दोन्ही हातांनी दगड ओरबाडले. ढसाढसा रडली. भिंत ढिम्म हलली नाही.

टॉर्च जरा सरकला. अकराव्याच्या शेजारी, पिवळ्या पडलेल्या कडक चुन्यात आणखी एक ठसा होता. लहान, बाईचा. मधोमध टपोऱ्या फोडाचा खळगा.

तिने आपला अंगठा त्यात ठेवला. तंतोतंत बसला. फोड दुखलासुद्धा नाही.

"ताई!" दारातून हाक आली. "सापडलं का काही?"

तिने टॉर्च बंद केला.

"नाही, काका," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे."