जाळीतलं ऊन

"माझा हात संपला असेल तर तसं तोंडावर सांगा, बाई. मग रविवारी उगाच शोभा करून घ्यायला मी उतरणार नाही."

खुर्चीत बसण्याआधीच कोलबी स्ट्राऊस बोलून मोकळा झाला. बेलफोर्डच्या बेसबॉल संघाचा हा चौतीस वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. जूनच्या मध्यापर्यंत त्याचे चेंडू टोलवणं कुणाच्या बापाला जमत नव्हतं, आणि आता कालची पोरं त्याला झोडपत होती. रविवारी दुपारचा सामना गेला की संघातून नारळ, हे मॅनेजरने त्याला सांगून टाकलं होतं.

त्याने खिडकीपाशी टेबलावर एक जुना चामडी ग्लोव्ह ठेवला आणि शेजारी कागदांचा गठ्ठा. मैदानावरच्या कॅमेऱ्यांनी त्याचा एकेक चेंडू मोजून काढलेली ती जंत्री होती. ग्लोव्हच्या पंजातल्या चामड्याच्या जाळीतून उन्हाचे चौकोन कागदांवर पडले.

थेल्मा रूकरने चष्मा लावला. वीस वर्षं विमा कंपन्यांसाठी लबाड शोधून ती आता स्वतःचा तपासधंदा चालवत होती. तिचा शेजारी आणि मदतनीस आर्लो हा निवृत्त पंच. त्याने सँडविच खाली ठेवून सहज ग्लोव्हकडे हात नेला.

"नको," कोलबीने ग्लोव्ह ओढून घेतला. "पप्पांचा आहे. याच मैदानावर ते शॉर्टस्टॉपला उभे राहून चेंडू अडवायचे. जूनमध्ये गेले. तेव्हापासून हाच घालतो. संघात याला कुणी बोटसुद्धा लावत नाही."

"म्हणजे दुःखानेच हात जड झालाय," आर्लो हळहळला.

थेल्मा कागद उलटत म्हणाली, "हात जड झालेला नाही. वेग तोच, चेंडूची गिरकी तीच, हात सुटतो ती उंचीही तीच. फरक एवढाच, की तुझ्या वळणाऱ्या चेंडूला आता कुणी फसत नाही. आधी तिघांतला एक हवेतच बॅट फिरवायचा. आता दहांतला एक, आणि ही घसरण फक्त दुपारच्या सामन्यांत. संध्याकाळी, दिव्यांखाली तू पूर्वीसारखाच आहेस."

"ऊन बाधतंय मग," आर्लो म्हणाला.

"उन्हाने दमला असता तर वेग नसता का पडला?"

आर्लोने सँडविच पुन्हा उचललं.

शनिवारी सकाळी दोघं मैदानावर गेले. प्रशिक्षक प्रुइट भुईमुगाच्या शेंगा फोडत कठड्याला टेकला होता.

"पोरगा संपलाय. आणि नसेल संपला, तर आमचा कॅचर निको समोरच्या संघाला इशारे विकतोय. त्याच्याच खुणेवर कोलबी चेंडू टाकतो ना?"

बॅट्समनच्या मागे बसून चेंडू झेलणारा निको बराहास बाजूलाच होता, तो हे ऐकून लालबुंद झाला. "खुणा कसल्या? मी मनगटावरचं बटण दाबतो, ते कोलबीच्या टोपीत कुजबुजतं. दुसऱ्या कुणाला ऐकूच येत नाही. आणि चार जुलैला बोट सुजलं म्हणून मी घरी होतो. त्या दुपारी तर त्याची सगळ्यात जास्त धुलाई झाली."

"त्याच्या खेळात काही बदल दिसला?" थेल्माने विचारलं.

निको घुटमळला. "पिच करायच्या दिवशी आम्ही पिचरशी बोलत नाही, बाई. शेजारीसुद्धा बसत नाही. आणि त्या ग्लोव्हबद्दल तर..."

"ग्लोव्हबद्दल काय?"

"काही नाही. त्याच्या वडिलांचा आहे तो."

दुपारी दोनला थेल्माने सगळ्यांना मैदानात बोलावलं. कोलबीला पिचरच्या उंचवट्यावर उभं केलं आणि आर्लोला बॅट्समनच्या जागी.

"कोलबी, चेंडू टाकायचा नाही. ग्लोव्ह छातीशी धर, आत चेंडूवर बोटं बसव आणि थांब. आर्लो, कुठला चेंडू येणार ते तू ओळखायचंस."

"मी? हे काय खूळ?"

"ज्या डोळ्यांना या गावाने तीस वर्षं शिव्या घातल्या, ते आज कामाला येऊ देत."

आर्लोने डोळे बारीक केले. "सरळ," तो म्हणाला. मग, "वळणारा." पुन्हा, "वळणारा. सरळ."

सहापैकी सहा बरोबर आले. प्रुइटच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"वळणाऱ्या चेंडूला त्याचं पहिलं बोट वाकतं," आर्लो अडखळत म्हणाला. "वाकलेल्या बोटाचं टेंगूळ जाळीतून दिसतंय."

"पिचरचा ग्लोव्ह बंद विणीचा असतो, बोटं लपवायला," थेल्मा म्हणाली. "शॉर्टस्टॉपला लपवायचं काहीच नसतं, म्हणून त्याची जाळी उघडी. काल माझ्या टेबलावर त्यातून ऊन आरपार पडलं होतं. दुपारचा सूर्य बॅट्समनच्या पाठीशी असतो आणि सरळ त्या जाळीत शिरतो. रात्रीचे दिवे वरून पडतात, आत अंधार राहतो. हात ठणठणीत आहे हे आकड्यांनी सांगितलं, आणि कॅचर बदलूनही मार चुकला नाही. मग उरलं ते, जे जूनमध्ये बदललं आणि ज्याला कुणी हात लावत नव्हतं."

निकोने मान खाली घातली. "जाळी मला खटकली होती, कोलबी. पण बापाच्या आठवणीवर बोट कसं ठेवायचं?"

कोलबीने ग्लोव्हच्या जाळीतून आपलं बोट आरपार घालून पाहिलं. मग त्याला हसू फुटलं.

"पप्पांनी पहिल्याच दिवशी ओरडून मैदान डोक्यावर घेतलं असतं. म्हणाले असते, गाढवा, शॉर्टस्टॉपचा ग्लोव्ह घालून पिच करतोस?"

रविवारी दुपारी कडक ऊन होतं. कोलबी आपला जुना, बंद विणीचा ग्लोव्ह घालून उतरला. पहिल्याच बॅट्समनने वळणाऱ्या चेंडूवर हवेत बॅट फिरवली, दुसऱ्यानेही. आर्लो नखं कुरतडत बसला होता, त्याचं सँडविच मांडीवर तसंच पडून होतं.

डाव संपवून कोलबी परतला. रिवाजाप्रमाणे कुणीही त्याच्याशी बोललं नाही आणि बाकावर त्याच्या शेजारची जागा मोकळी ठेवली. तिथे त्याने आधीच पप्पांचा ग्लोव्ह ठेवला होता.

कोलबी त्याच्या शेजारी टेकला आणि हळूच म्हणाला, "झालं का ओरडून?"